बेलव्ह्यूचं वार्तापत्र : नकाशा आणि त्यामागचा पैसा

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन राज्य



सिएटलच्या पूर्वेला लेक वॉशिंग्टन ओलांडलं की बेलव्ह्यू लागतं. दीड लाख वस्तीचं हे उपनगर. शेजारच्या रेडमंडमध्ये १९८६ पासून मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय आहे, त्यामुळे या पट्ट्यात मराठी घरंही बरीच आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये या शहराने २०४४ पर्यंतचा आपला आराखडा नव्याने मंजूर केला. कुठे घरं, कुठे कचेऱ्या, कुठून रस्ता, कुठे बाग हे सगळं त्यात ठरलं. आपल्याकडे ज्याला डीपी, म्हणजे विकास योजना, म्हणतात, तीच ही गोष्ट. पण तिच्या मागे उभा असलेला कायदा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून हे पत्र.

आधी थोडा इतिहास, कारण तो विसरून या देशाचं कौतुक करणं बरोबर नाही. १९४० मध्ये तलावावर तरंगता पूल झाला, तोपर्यंत इथे शेतं होती. जंगल तोडून, खोडं उपटून यातली बरीच जमीन जपानी स्थलांतरितांनी लागवडीखाली आणली. गाव स्ट्रॉबेरीसाठी ओळखलं जाई. १९४२ मध्ये युद्धाच्या संशयापायी या कुटुंबांना छावण्यांत डांबलं गेलं आणि त्यातली अनेक परत आलीच नाहीत. १९४६ मध्ये इथे मोठं व्यापारी संकुल उघडलं, १९५३ मध्ये शहराला कायदेशीर दर्जा मिळाला, आणि शेतांवर एका प्लॉटला एकच घर अशा वसाहती पसरल्या.

ऐंशीच्या दशकात ही पसरण इतकी वाढली की जंगलं आणि उरलीसुरली शेती धोक्यात आली. तेव्हा १९९० मध्ये राज्याने वाढ-व्यवस्थापन कायदा केला. शहरी वाढीची हद्द आखून दिली आणि प्रत्येक शहराला ठरावीक वर्षांनी आराखडा तपासून नवा करणं बंधनकारक केलं. किती वाढ सामावून घ्यायची, हेही एकट्या शहराच्या मर्जीवर नाही. इथल्या जिल्ह्यातल्या, म्हणजे किंग काउंटीतल्या, शहरांनी मिळून ती वाटून घेतली आहे. बेलव्ह्यूच्या वाट्याला २०१९ ते २०४४ या काळात ३५ हजार घरं आणि ७० हजार नोकऱ्या आल्या.

आता मुख्य मुद्दा. या कायद्यानुसार आराखड्यासोबत किमान सहा वर्षांचा पैशाचा हिशेब द्यावा लागतो. रस्ता, पाणी, सांडपाणी यांना निधी कुठून येणार ते लिहावं लागतं. पैसा पुरत नसेल, तर जमीन वापराचा भागच पुन्हा तपासावा लागतो. वाहतुकीचा नियम याहून कडक आहे. एखाद्या बांधकामामुळे रस्त्याची सेवा शहराने स्वतः ठरवलेल्या पातळीखाली जाणार असेल आणि सहा वर्षांत ती सुधारण्याची तरतूद नसेल, तर परवानगी नाकारणं भाग पडतं. शिवाय, थोडे अपवाद सोडले तर आराखड्यात वर्षातून एकदाच बदल करता येतात. सगळे प्रस्ताव एकत्र तपासले जातात, म्हणजे त्यांचा मिळून होणारा परिणाम दिसतो.

महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आहे. वीस वर्षांत निदान एकदा विकास योजनेची सुधारणा व्हावी, असं त्यातही म्हटलं आहे. पण नकाशावर बागेचं, शाळेचं, डीपी रोडचं आरक्षण टाकणं आणि ती जागा विकत घ्यायला पैसे उभे करणं, या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसल्या आहेत. त्यात सातबारावाला अडकतो. त्याला धड विकता येत नाही, बांधता येत नाही. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर कलम १२७ खाली नोटीस देता येते, आणि नंतरच्या चोवीस महिन्यांतही काही झालं नाही तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे मालकाची दहा-बारा वर्षं जातात आणि गावाची बागही जाते. हे दुहेरी नुकसान आहे, आणि ते टाळता येण्यासारखं आहे.

आपल्या अक्कलकोटला हे जास्त लागू पडतं. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास होती. पण गुरुवारी, पौर्णिमेला, स्वामी समर्थांच्या प्रकटदिनाला आणि पुण्यतिथीला येणारी गर्दी त्या आकड्यात कुठेच नाही. पाणी, शौचालयं, वाहनतळ, वटवृक्ष मंदिराकडे जाणारे अरुंद रस्ते यांचा हिशेब भाविक धरूनच करावा लागेल. तीर्थक्षेत्र विकास आराखड्याला शासनाने साडेतीनशे कोटींहून अधिक रकमेची मंजुरी दिली, हे चांगलंच झालं. मात्र तो कामांचा आराखडा आहे. हन्नूर रोड, मैंदर्गी रोडच्या बाजूची शेतं पुढच्या वीस वर्षांत एनए प्लॉट होणार की पिकत राहणार, ओढे मोकळे राहणार की बुजणार, हे ठरतं नगरपरिषदेच्या विकास योजनेत.

बेलव्ह्यूतही सगळं उत्तम आहे असं नाही. एका प्लॉटला एकच घर या हट्टाने घरं इतकी महाग झाली की शाळेतल्या शिक्षकाला शाळेच्या गावात राहणं परवडेना. अखेर २०२३ मध्ये राज्याने कायदा करून बेलव्ह्यूएवढ्या शहरांना निवासी प्लॉटवर निदान चार घरांना मुभा द्यायला लावली, रेल्वे स्थानकाजवळ सहा. जुन्या रहिवाशांचा विरोध अजून मावळलेला नाही.

सामान्य माणसाला मात्र इथे खरी जागा आहे. नियोजन आयोगावर बिनपगारी रहिवासी बसतात. नगरसभेत कोणीही उठून तीन मिनिटं बोलू शकतो, आणि आराखड्याबद्दल ज्याने तोंडी वा लेखी मत नोंदवलं आहे, त्याला राज्याच्या सुनावणी मंडळाकडे साठ दिवसांत दाद मागता येते.

आपल्या कायद्यानेही दार उघडं ठेवलं आहे. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवस हरकती आणि सूचना घेतल्या जातात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. बहुतेकांना आरक्षण पडल्याचं कळतं ते मुदत संपल्यावर. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे : पुढचं प्रारूप लागेल तेव्हा नगरपरिषदेत जाऊन नकाशा स्वतः बघा. आपल्या जमिनीपुरतं न बघता ओढा, शाळा, वाहनतळ यांच्या जागाही बघा. प्रत्येक आरक्षणामागे पैसा कुठून येणार, हे लेखी विचारा. अर्जात गट नंबर लिहा, सातबाराचा उतारा जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.