हप्ता सुरू व्हायच्या आधीची वर्षं

शिक्षणकर्जाची गोष्ट : लेखांक 6

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाला मी विचारलं होतं, 'तुझं लोन आता किती झालंय?' तो म्हणाला, 'ते बाबांना माहीत.' महिनाभराने त्याच्या वडिलांची गाठ पडली. त्यांनाही तेच विचारलं. ते म्हणाले, 'त्याचं तो बघतो, शिकलेला आहे.' कर्जाच्या कागदांवर दोघांच्या सह्या होत्या, एकाची कर्जदार म्हणून, दुसऱ्याची सहकर्जदार म्हणून. आकडा मात्र दोघांनाही ठाऊक नव्हता.

कर्ज घेऊन शिकणाऱ्या मुलांना आधी त्याच वाटेने गेलेल्यांची सोबत मिळवून देणारं एखादं अ‍ॅप किंवा केंद्र उभारायचं असेल, तर त्याची आखणी या दोन उत्तरांपासून सुरू करावी असं मला मनापासून वाटतं. आज मदतीची शोधाशोध सुरू होते ती हप्ते थकल्यावर. तोवर पुष्कळ काही हातातून गेलेलं असतं. 90 दिवसांहून जास्त थकबाकी राहिली की खातं एनपीए होतं, सिबिल बिघडतं, आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर मॅनेजर तेच पान उघडून दाखवतो. सोबत हवी असते ती त्याच्या कितीतरी आधी, जेव्हा बँकेचा फोनसुद्धा येत नसतो तेव्हा.

त्या शांत वर्षांत काय चालू असतं, ते मांडूनच बघू. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षी दीड लाख असं एकूण 6 लाखांचं कर्ज घेतलं. व्याजदर 10 टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि वर एक वर्ष, एवढा काळ हप्ता नाही. व्याज मात्र सरळव्याजाने चढत राहतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं 75 हजार, दुसऱ्यावर 60 हजार, मग 45, मग 30. बेरीज होते 2 लाख 10 हजार. हप्ता बांधताना हे व्याज मुद्दलात मिळवतात, म्हणजे फेड सुरू होते 8 लाख 10 हजारांपासून. दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याला सुमारे 10,700 रुपये.

हेच व्याज शिकता शिकता भरलं तर हप्ता 7,900 च्या आसपास येतो. त्यासाठी पहिल्या वर्षी महिन्याला 1,250 रुपये लागतात, दुसऱ्या वर्षी 2,500, आणि चौथ्या वर्षापासून 5,000. प्रत्येक घराला हे झेपणार नाही. तरी पहिल्या वर्षीचे साडेबाराशे कुणी सांगितले असते तर भरले असते, असं म्हणणारे मला वारंवार भेटतात. इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेत असं वेळच्या वेळी व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सवलत देण्याची तरतूदही आहे. कर्ज मंजूर होतं त्या दिवशी घरात पेढे वाटतात, त्या गडबडीत हे कोण विचारणार?

म्हणून सोबत्याची पहिली भेट एकाच कामासाठी ठेवावी. लोन स्टेटमेंट काढायचं आणि दोघांनी मिळून वाचायचं. एका मुलीला मी ते वाचताना पाहिलं आहे. महिन्या-महिन्याला लागलेल्या व्याजाच्या ओळींखाली ती पेन्सिलने रेघ मारत गेली. मे महिन्यापाशी थांबली आणि म्हणाली, 'म्हणजे सुट्टीतपण चालूच असतं?' तिथून पुढे ती स्वतःच प्रश्न विचारू लागली. आलेख आणि कॅल्क्युलेटर दाखवणारी अ‍ॅप्स खूप आहेत, पण ती पेन्सिल हातात देणारं माणूस लागतं.

ते माणूस कोण असावं, हा आखणीतला सर्वांत नाजूक भाग. जोडी लावताना शाखा आणि करिअर जुळवण्याचा मोह होतो. माझ्या मते आधी घर जुळवावं. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. जिच्या आईवडिलांनी राहतं घर तारण ठेवलंय, तिला हप्ता चुकण्याची भीती ही घर जाण्याची भीती असते. तिला असाच सिनियर हवा, ज्याने हे ओझं बाळगलंय आणि ज्याची फेड अजून चालू आहे किंवा नुकतीच संपली आहे. वीस वर्षांपूर्वी कर्ज फेडून मोकळा झालेला मोठा अधिकारी भाषण छान करेल, पण त्याच्यासमोर 'या महिन्यात मेसचे पैसे नाहीत' असं ती बोलणार नाही.

दुसऱ्या भेटीत सरकारी योजना बघाव्यात. कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर अटींत बसणाऱ्यांचं या शांत काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. 2024 च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. हे सगळं अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. तो कधी काढायचा आणि कुठे द्यायचा, हे सिनियर पाच मिनिटांत सांगतो.

सोबत्याने काय करू नये, हेही आधीच ठरलेलं असावं. उसने पैसे द्यायचे नाहीत, जामीन राहायचं नाही, ओटीपी मागायचा नाही, 'माफ होईल' असं कधीही म्हणायचं नाही. वसुली एजंटने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करू नये हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मुलांना पाठ करून द्यावा. बोलण्यात जिवाचं बरंवाईट करण्याचा सूर लागला तर कर्जाचा विषय तिथेच बाजूला ठेवायचा, 14416 या टेली-मानसच्या नंबरवर जोडून द्यायचं आणि तोवर फोन ठेवायचा नाही. मुलांची माहिती कर्ज विकणाऱ्या कुणाच्याही हाती पडता कामा नये, खातेक्रमांक तर साठवूच नये.

आणि तिसरी भेट घरच्यांसोबत. सुरुवातीला सांगितलेल्या मुलाची ही भेट फोनवर झाली. त्याने स्पीकर लावून वडिलांना आकडा सांगितला. सिनियर लाइनवर होता, त्याला आम्ही मध्ये बोलू नकोस असं बजावलं होतं. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग वडील म्हणाले, 'सगळं व्याज काही जमायचं नाही. पण दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. त्यातले तीनशे-तीनशे टाकले तर बँकेला चालतील का?'

'चालतील, काका,' सिनियर म्हणाला. 'मीपण असेच टाकायचो.'