शस्त्र आणि चित्त : बीडमधील शस्त्रपरवान्यांच्या वादाच्या निमित्ताने

वर्षावासातील प्रवचनमालेत पहिल्या शीलाचे विवेचन संपल्यावर एका उपासकाने आम्हांस विचारले, “सर, परवान्याची बंदूक घरात ठेवली तर पाणातिपाताचे शील मोडते का?” विचारणारा गृहस्थ शेतवस्तीवर राहणारा होता. त्याचा प्रश्न पांडित्याचा नव्हता, रात्रीच्या भयाचा होता. त्या वेळी आम्ही “नुसते बाळगल्याने शील मोडत नाही” एवढेच सांगून मोकळे झालो. उत्तर चुकीचे नव्हते, परंतु अपुरे होते. म्हणून हा विषय येथे काहीशा विस्ताराने मांडीत आहोत.

ह्या प्रश्नाला आमच्या जिल्ह्यात एक पार्श्वभूमी आहे. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण होऊन त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी ह्या हत्येचा संबंध आहे, असे तपासयंत्रणेचे म्हणणे आहे. हत्या बंदुकीने झालेली नव्हती. तरीही त्यानंतरच्या काही आठवड्यांत चर्चा वळली ती बंदुकीकडेच. हवेत गोळीबार करणाऱ्या आणि कमरेचे पिस्तूल मिरविणाऱ्या तरुणांच्या चित्रफिती सर्वत्र फिरू लागल्या. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले आणि पुढे प्रशासनाने त्यांतील शंभराहून अधिक रद्द केले. एक पक्ष म्हणाला, परवाने खिरापतीसारखे वाटले गेले म्हणून दहशत वाढली. दुसरा म्हणाला, गुन्हेगार परवाना काढत बसत नाही, तो गावठी कट्टा घेतो. दोष शस्त्राचा नसून वृत्तीचा आहे.

हाच वाद महाराष्ट्राने त्याच्या सुमारे दीड वर्ष आधी अधिक भयंकर प्रसंगी ऐकला होता. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि नंतर डब्याडब्यांतून फिरत तीन प्रवाशांना गोळ्या घातल्या. ते तिन्ही प्रवासी मुस्लिम होते. काहींनी हा शिपाई मानसिकदृष्ट्या अस्वस्थ व तापट असल्याचे कारण पुढे केले. काहींनी विचारले की चित्त केवळ भ्रमिष्ट असते तर त्याने माणसे निवडली कशी? येथे परवान्याचा प्रश्नच नव्हता. शस्त्र शासनाने दिलेले होते, प्रवाशांच्या रक्षणासाठी दिलेले होते.

‘शस्त्र की चित्त’ असा हा प्रश्न मांडला जातो तेव्हा दोहोंपैकी एकच खरे कारण असले पाहिजे, असे गृहीत धरलेले असते. पालि अट्ठकथाकारांनी हे गृहीत धरलेले नाही. अट्ठसालिनीत पाणातिपाताची पाच अंगे दिली आहेत : पाणो, म्हणजे जिवंत प्राणी, पाणसञ्ञिता, म्हणजे तो जिवंत आहे ही जाणीव, वधकचित्त, म्हणजे मारण्याचा हेतू, उपक्कमो, म्हणजे त्यासाठी केलेला प्रयत्न, आणि त्या प्रयत्नाने आलेले मरण. पाचही एकत्र आल्याशिवाय पाणातिपात पूर्ण होत नाही. ह्याचा व्यवहारातला अर्थ आमच्या मते असा, की पाचांपैकी कोणतेही एक अंग तोडले तरी एक जीव वाचतो. चित्त सुधारेपर्यंत शस्त्राला हात लावू नये, किंवा शस्त्र काढून घेतले की चित्ताकडे पाहण्याचे कारण उरत नाही, ह्या दोन्ही भूमिका अट्ठकथेच्या दृष्टीने अर्धवट ठरतात.

अट्ठकथाकार येथेच थांबत नाहीत. ते प्रयत्नाचे सहा प्रकार सांगतात. त्यांत स्वतःच्या हाताने केलेला साहत्थिक, दूर फेकलेल्या वा सोडलेल्या शस्त्राने होणारा निस्सग्गिय, आज्ञेने करविलेला आणत्तिक आणि स्थिर साधनाने घडणारा थावर हे प्रकार आहेत. बाण सोडणारा निस्सग्गियात येतो, तसाच गोळी झाडणाराही. सुपारी देणारा आणत्तिकात येतो. तो घटनास्थळी नव्हता, हा त्याचा बचाव अट्ठकथा मानत नाही. थावराचे उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे : कोणी मरावा ह्या हेतूने खड्डा खणणे किंवा शस्त्र जवळ नेऊन ठेवणे. हेतू असल्याशिवाय ह्यात दोष नाही, हे खरे. परंतु शस्त्राचे नुसते ‘असणे’ हेही विनयाच्या विचारातून सुटलेले नाही, हे वाचकांच्या ध्यानात येईल. उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांत अंगुत्तरनिकायाने शस्त्रांचा व्यापार पहिला सांगितला आहे, तोही ह्याच विचाराशी सुसंगत.

जगातील काही देशांनी चौथ्या अंगावर, म्हणजे प्रयत्नाच्या साधनावर, बोट ठेवले. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १६ शाळकरी मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. ब्रिटनने १९९७ मध्ये खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आणली. एप्रिल १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे ३५ जणांचा बळी गेल्यावर तेथील शासनाने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक येथील शाळेत २० बालके आणि ६ प्रौढ मारले गेले, तरी खरेदीदाराची पूर्वचौकशी वाढविणारा प्रस्ताव एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये अडला.

बौद्ध वाचकांनी येथे एक कटू उदाहरण टाळू नये. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी थायलंडमधील नोंग बुआ लाम्फू प्रांतात बडतर्फ झालेल्या एका पोलिसाने बालसंगोपन केंद्रात शिरून कत्तल केली. एकूण ३६ जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुसंख्य बालके होती. देश थेरवादी, गावोगावी विहार आणि भिक्खुसंघ. तरीही हे घडले. त्याच्याजवळ बंदूक होती, परंतु पुष्कळशी मुले त्याने सुऱ्याने मारली. शस्त्रावर नियंत्रण पुरेसे आहे असे म्हणणाऱ्यांना आणि बुद्धाचे नाव घेतले की चित्त शांत होते असे मानणाऱ्यांना, दोघांनाही ही घटना निरुत्तर करते.

चित्ताच्या बाजूने पाहताना दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्ताकडे वळावे लागते. तेथे एक राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते आणि त्यातून चोरी उपजते. चोराने गरिबी सांगितली की राजा त्यालाच धन देऊ लागतो. ते ऐकून इतरही चोरी करू लागतात. (खंडणी देऊन शांतता विकत घेणाऱ्यांनी हा भाग आवर्जून वाचावा.) मग राजा उलट टोकाला जाऊन शिरच्छेद सुरू करतो. आणि लोक म्हणतात, आपणही धारदार शस्त्रे घडवू. प्रजेने शस्त्र उचलले ते राजाचे पाहून, हे सुत्ताने किती सहजपणे सांगितले आहे! ऱ्हासाच्या शेवटी सात दिवसांचा शस्त्रकाळ येतो. त्यात माणसांना परस्परांविषयी ‘मिगसञ्ञा’ होते, समोरचा मनुष्य पशू दिसू लागतो. पाच अंगांतील दुसऱ्या अंगाचे, प्राण्याविषयीच्या जाणिवेचे, हे विकृत रूप आहे. मारणाऱ्याला समोर जीव आहे हे कळते, माणूस आहे हे कळत नाही. रेल्वेच्या डब्यात जे घडले त्याला ‘तापट स्वभाव’ ह्यापेक्षा हा शब्द आम्हांस अधिक नेमका वाटतो.

आता परवान्याविषयी. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे पोलिसांचा अहवाल मागवून जिल्हादंडाधिकारी परवाना देतो आणि पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी सबळ कारण असावे लागते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही, असेही कायदा सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली आणि आनंदोत्सवातील बेफिकीर गोळीबार दंडनीय ठरविला. कायद्याची कसोटी अशी गरजेची आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथात अहिंसेचे विवेचन करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा ह्यांत जो भेद केला, तोही ह्याच दिशेचा. लग्नाच्या वरातीत झाडलेल्या गोळीमागे गरज कोणती? ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्याचा अर्ज आणि ज्याला चारचौघांत पिस्तूल दिसायला हवे त्याचा अर्ज एकाच टेबलावर एकाच शिक्क्याने मंजूर होत असतील, तर दोष कायद्याचा नव्हे, कसोटी न लावणाऱ्यांचा आहे.

मात्र आमच्या उपासकाचे भय ह्याने फिटत नाही. दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात पुरोहित राजाला सांगतो, की चोरांना मारून व बांधून उपद्रव मिटणार नाही; शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन दे. दर वर्षी ऊसतोडीसाठी अर्धी गावे रिकामी करणाऱ्या जिल्ह्यात ह्या सल्ल्याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

पुढच्या पौर्णिमेस तो गृहस्थ पुन्हा भेटला, तेव्हा आम्ही त्यास हे सर्व सांगितले. त्याने शांतपणे ऐकले. परवान्याचा अर्ज केला की नाही, हे आम्ही विचारले नाही. निघताना तो एवढेच म्हणाला, की मोटारीला वीज अजून रात्रीच मिळते आणि पिकाला पाणी द्यायला अंधारातच जावे लागते.