बगरूचे ठसे आणि फुकटचे 15 जीबी

जयपूरहून अजमेर रस्त्याला साधारण 30 किलोमीटरवर बगरू लागतं. इथले छीपा कारागीर गंजकं लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग करतात, चिखल-चुना-डिंकाचा ‘दाबू’ लाकडी ठशाने कापडावर उठवतात. ठसा झिजतो, मोडतो. म्हणून प्रत्येक नक्षीचा नीट काढलेला फोटो हा धंद्याचा दस्तऐवज आहे.

तो ठेवायचा कुठे? गूगल 15 जीबी फुकट देतं, पण जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. 1 जून 2021 पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. फोटो 4 एमबीचा धरला तर पावणेचार हजारांत जागा संपते. दाबू लावतानाचा फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला सुमारे 130 एमबी खातो. म्हणजे दोन तासही मावत नाहीत. आणि जागा भरली की जीमेलवर नवी पत्रं येणंच थांबतं. ऑर्डरी मेलवर घेणाऱ्याला हे फार महागात पडतं. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट तर 5 जीबीच देतात, ड्रॉपबॉक्स 2.

माझं मत स्पष्ट आहे: फुकटची जागा कागदपत्रांना पुरते, व्यवसायाच्या संग्रहाला नाही. 1 टीबीची हार्ड डिस्क घ्यावी, मूळ फोटो तिच्यात उतरवावेत आणि निवडक नक्ष्या क्लाउडवर ठेवाव्यात. नुसत्या सिंकवर विसंबू नये, कारण फोनमधून पुसलेला फोटो क्लाउडवरूनही जाऊ शकतो. डिस्कही कधीतरी बिघडते, तेव्हा दुसरी प्रत वेगळ्या घरी असलेली बरी.