अभिजात समाकलांची क्यू-प्रतिरूपे : सीमेची कसोटी पुरेशी आहे काय?

विशेष फलनांच्या अभ्यासकास गॅमा व बीटा हे समाकल चिरपरिचित असतात. त्यांत एक जादा आधारराशी आणून जी व्यापक रूपे मिळतात, त्यांस क्यू-प्रतिरूपे म्हणतात. ही राशी शून्य व एक यांच्या दरम्यान असते. येथे ती ‘क’ या अक्षराने दर्शविली आहे. क ची किंमत १ कडे जाऊ लागली की मूळचा समाकल परत मिळावा, ही अपेक्षा उघड आहे. परंतु तेवढ्यानेच प्रतिरूप योग्य ठरते काय, याचा येथे विचार करावयाचा आहे.

एफ. एच. जॅक्सन यांनी १९१० साली मांडलेल्या क्यू-समाकलात अंतरालाचे विभाजन भूमितीय श्रेढीने केलेले असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने ठाणे सुमारे ३४ व कल्याण सुमारे ५४ किलोमीटर आहे. म्हणजे गुणोत्तर जवळजवळ ०.६३ होय. याच गुणोत्तराने मुंबईकडे येत राहिल्यास पुढील खुणा साधारणतः २१.४, १३.५ व ८.५ किलोमीटरवर पडतील आणि आरंभस्थानाशी त्यांची अनंत दाटी होईल. प्रत्येक खंडाची लांबी व त्याच्या कल्याणकडील टोकाशी असलेली फलनाची किंमत यांचा गुणाकार करावा. अशा सर्व गुणाकारांची बेरीज म्हणजेच क्यू-समाकल.

ही बेरीज सामान्य समाकलाचे स्थूल मूल्य नव्हे. क निश्चित असता ती स्वतंत्र व बिनचूक राशी असते. उदाहरणार्थ, शून्य ते एक या अंतरालात ‘क्ष’ या फलनाचा क्यू-समाकल १/(१ + क) येतो. क = १/२ घेतल्यास तो २/३ होतो; क ची किंमत १ कडे जाता १/२ होतो.

आता बीटा फलनाकडे वळू. त्याच्या दोन प्राचलांची अदलाबदल केली तरी मूल्य बदलत नाही. अभिजात सिद्धतेत यासाठी क्ष च्या जागी (१ − क्ष) घेतात. म्हणूनच क्ष व (१ − क्ष) यांचे समाकल समान असतात. परंतु क्यू-समाकलात हा आदेश चालत नाही, कारण खुणांची दाटी शून्याऐवजी एकाशी जाऊन पडते. (१ − क्ष) चा क्यू-समाकल क/(१ + क) येतो; क = १/२ असता १/३. सममिती भंगली! याउलट (१ − कक्ष) घेतल्यास उत्तर नेमके १/(१ + क) येते व सममिती टिकते. ध्यानात ठेवावयाचे ते हे की, क ची किंमत १ कडे जाता दोन्ही उत्तरे १/२ कडेच जातात. सीमेची कसोटी या दोहोंत भेद करू शकत नाही.

व्यापक सूत्रात (१ − क्ष) च्या घातांकाची जागा दोन अनंत गुणाकारांचे गुणोत्तर घेते. तेथील सममिती आदेशाने नव्हे, तर कोशी व हाइने यांच्या क्यू-द्विपद प्रमेयाने सिद्ध होते. श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या बीटा समाकलाच्या प्रतिरूपात शून्य ते अनंत असा सामान्य समाकल असून केवळ समाकल्य फलन क्यू-रूप आहे; त्याची सिद्धता हार्डी यांनी त्याच वर्षी दिली. अर्थात्, एकाच अभिजात समाकलाची प्रतिरूपे अनेक संभवतात.

म्हणून नवे प्रतिरूप मांडताना संशोधकाने केवळ चिन्हे बदलून व सीमा तपासून थांबू नये. मूळ समाकलाची सममिती, आवर्तन संबंध व सांत रूपातील मूल्य यांपैकी काय टिकले, हे दाखविणे अगत्याचे आहे. प्रतिरूपाचे मोल त्यावरच ठरते.