पांढऱ्या वाइनचें द्राक्ष : जात कोणती निवडावी?

जी गोदावरी आपल्या गेवराई तालुक्याच्या उत्तरेस वाहते, तिच्याच उगमाकडील नाशिक भागांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत द्राक्षशेतीचा एक निराळा प्रकार रुजला आहे. श्री. राजीव सामंत यांनीं गंगापूर धरणाजवळ फ्रेंच जातींच्या वेली लावल्या व २००० सालीं त्यांच्या ‘सुला’ कारखान्याची वाइन बाजारांत आली. त्या आरंभींच्या पांढऱ्या जाती दोन : सॉव्हिन्यों ब्लाँ व शेनिन ब्लाँ. ‘ब्लाँ’ म्हणजे फ्रेंच भाषेंत पांढरा. उमापूरकडील बागायतदारांपैकीं ज्यांच्या मनांत हें पीक घोळत आहे, त्यांनीं या दोन जातींची ओळख करून घेतल्यावांचून रोपांस पैसे देऊं नयेत. पदार्थ प्यावा कीं न प्यावा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे; येथें विचार केवळ पिकाचा आहे.

या वाइनची सारी प्रतिष्ठा आंबटपणावर उभी आहे. ती थंड करून पितात, व पहिल्या घोटास कैरीची फोड चावल्याप्रमाणें जिभेस तरतरी यावी अशी पिणाऱ्याची अपेक्षा असते. द्राक्षांत मुख्य आम्लें दोन. एक टार्टरिक, जें आपल्या चिंचेंत असतें. दुसरें मॅलिक, जें सफरचंदांत असतें. मणी पिकूं लागला म्हणजे साखर चढते व आंबटपणा उतरतो. टार्टरिक बऱ्याच अंशीं टिकून राहतें. मॅलिक मात्र उष्णतेनें मण्यांतल्या मण्यांतच खर्ची पडतें, व रात्रीही उकाड्याच्या असल्या तर तें फारच लवकर जातें. बाजारच्या द्राक्षाचा सौदा गोडीवर होतो. येथें मात्र साखर २१ ते २३ ब्रिक्स, रसाची आम्लता लिटरास ६ ते ८ ग्रॅम, आणि पी. एच. ३.४ च्या आंत, अशीं तीन मापें एकाच दिवशीं जुळावीं लागतात. (पी. एच. हा आंबटपणाची तीव्रता दाखविणारा अंक आहे. तो जितका लहान, तितका आंबटपणा अधिक.) साखरेच्या दर अंशामागें शेंकडा साधारण ०.५५ मद्यार्क निघतो. म्हणजे २२ ब्रिक्सच्या रसापासून १२ टक्क्यांच्या आसपास. नुसती गोडी वाढावी म्हणून माल वेलीवर ठेवणारा शेतकरी वाइनचा जीवच घालवून बसतो.

आतां जातींकडे वळूं. सॉव्हिन्यों ब्लाँ ही वासाची जात आहे. हिरवें गवत, ढोबळी मिरची, पेरू, आंबटगोड फळें असे तिचे वास सांगतात, व जाणत्यास ती डोळे मिटूनही ओळखतां येते. न्यूझीलंडांतील मार्लबरो प्रांतानें हिच्याच बळावर जगांत नांव कमाविलें; पण तो प्रांत थंड आहे. मिरचीसारखा जो वास आहे तो उन्हानें उडून जातो, व आपल्याकडील कडक उन्हांत पिकलेला माल अनेकदां सपक उतरतो. उत्पन्नही बेताचेंच. प्रसिद्ध काळ्या काबेर्ने सॉव्हिन्यों जातीचें ही एक जनक आहे, हें १९९७ सालीं कॅलिफोर्नियांत वंशपरीक्षेनें सिद्ध झालें. पण कुळाची थोरवी आपल्या रानांतील ऊन कमी करीत नाहीं.

शेनिन ब्लाँ हिचें माहेर फ्रान्समधील लोआर नदीचें खोरें. दक्षिण आफ्रिकेंत तिला ‘स्टीन’ म्हणतात, व तेथें ती फार मोठ्या क्षेत्रावर आहे. तिकडील उन्हाळा कोरडा व कडक. तरी ही जात आपला आंबटपणा सोडीत नाहीं, हाच तिचा मोठा गुण. वेल जोमदार, घड भरपूर. वास सॉव्हिन्योंइतका तीव्र नाहीं. हिरवें सफरचंद, नासपती व थोडा मध यांची आठवण देणारा आहे. दोषही ध्यानांत ठेवावे. घड दाट व मण्याची साल पातळ, त्यामुळें पिकतांना पाऊस पडला कीं आंतले मणी फुटून कुजतात. घड विरळ करणें व पानोळा मोकळा ठेवणें ही मजुरी टाळतां येत नाहीं. शिवाय वेल देते म्हणून हवा तितका माल घेतला तर रस पाणचट होतो. माझ्या मतें आपल्या भागांतील मनुष्यानें प्रथम शेनिनच पहावी.

यूनी ब्लाँ व कोलंबार या जातीही उष्णतेंत आंबटपणा धरून राहतात, पण त्यांना स्वतःचा वास थोडा. यूनी ब्लाँपासून फ्रान्समध्यें कोन्याक ब्रँडी होते. थॉम्सन सीडलेस तर खाण्याचीच. तिच्यापासून वाइन होते, पण तिला गुण येत नाहीं.

जातीइतकाच खुंटाचा विचार करावा. क्षार व अवर्षण सोसतो म्हणून आपल्याकडे डॉगरिज खुंटाचा प्रघात पडला आहे. खाण्याच्या द्राक्षास तो ठीक. परंतु तो जमिनींतून पालाश अधिक ओढतो, व तो रसांत उतरला म्हणजे पी. एच. चढतो. वाइनसाठीं ११० आर सारख्या खुंटाची माहिती मांजरी (पुणें) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे मागावी. गोदाकांठची खोल काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन या पिकास देऊं नये; निचऱ्याची मध्यम किंवा मुरमाड जमीन पसंत करावी. जायकवाडीच्या कालव्याचें पाणी आलें म्हणून तें वाटेल तितकें द्यावें असें नाहीं.

छाटणीची वेळ हा आपल्याकडील खरा पेंच आहे. लवकर छाटावें तर परतीच्या पावसांत केवडा कोंवळ्या फुटीवर पडतो. उशिरां छाटावें तर माल मार्चच्या उन्हांत सांपडतो व आम्ल जळतें. आपला मुलूख नाशिकापेक्षां सखल व उष्ण, म्हणून उशीर आपणांस अधिक महाग पडेल. थंडीच्या रात्री संपण्यापूर्वीं माल उतरेल असा हिशेब करून, पाऊस उघडतांच छाटणी उरकावी. तोडणी पहांटे करावी, व माल त्याच दिवशीं कारखान्यांत पोंचेल अशी गाडी आधींच ठरवावी.

येथेंच सर्वांत मोठी अडचण उभी राहते. हें द्राक्ष बारीक, बियांचें. मंडईंत त्यास गिऱ्हाईक नाहीं. घरीं वाइन करावी तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून तें चालत नाहीं. म्हणजे खरेदीदार एकच, तो कारखाना. राज्य सरकारनें २००१ सालीं वाइन उद्योगास उत्तेजनाचें धोरण जाहीर केलें व विंचूर आणि पलूस येथें वाइन पार्क आंखलीं, तेव्हां पुष्कळांनीं वेली लावल्या. २००८ च्या अखेरीस मंदी आली, वाइनचे सांठे पडून राहिले, कारखान्यांनीं माल उचलण्याचें थांबविलें, आणि नाशिककडील कित्येकांनीं उभ्या बागा उपटून टाकल्या. माझें आयुष्य महसुली कागदांत गेलें, म्हणून एवढें आग्रहानें सांगतों कीं तोंडी बोलीवर वेल लावूं नका. करारांत जात, किती वर्षांची खरेदी, किमान दर, साखर व आम्लता यांचीं मापें, तीं कोणी व कोणासमक्ष घ्यावयाचीं, आणि माल न उचलल्यास भरपाई, हीं कलमें लिहून घ्यावीं. ‘प्रचलित दरानें’ असे दोन शब्द कागदांत आले तर ते खोडावयास लावावे. मंडईंत ज्याचा दरच निघत नाहीं, त्याचा प्रचलित दर कोणता?

करार होण्यापूर्वीं खर्च करावयाचाच असेल तर शेनिनच्या दोन ओळी व सॉव्हिन्योंची एक ओळ लावून पहावी. खुंट माघ-फाल्गुनांत लावून भाद्रपद-आश्विनांत त्यावर कलम करतां येतें. फळ धरल्यावर दर चार दिवसांनीं, उन्हाकडचे व सावलीकडचे मिळून शंभर मणी निरनिराळ्या घडांतून घ्यावे, रस गाळावा, ब्रिक्स व पी. एच. मोजून तारखेसह वहींत टिपावें. मणी चावून बी पहावें; तें तपकिरी होऊन कुरकुरलें म्हणजे पक्वता आली. साखर २१ वर पोंचली त्या दिवशीं पी. एच. कोणत्या जातीचा ३.४ च्या खालीं राहिला, हें दोन हंगामांच्या वहीवरून कळेल, व तीच वही घेऊन कारखानदाराकडे जावें.