शेवाळी रंग हवा, शेवाळ नको

ऑलिव्हच्या फळाचा मंद, किंचित राखट हिरवा रंग आपल्याकडे शेवाळी किंवा मेंदी या नावाने ओळखला जातो. जैन ध्वजात हिरवा रंग उपाध्याय परमेष्ठींचा, म्हणजेच अध्ययन-अध्यापनाचा. म्हणून स्वाध्यायाच्या खोलीस तो विशेष शोभतो. सागवानी कपाट व पितळी समई यांच्याशीही त्याचे सहज जुळते.

मात्र हा रंग प्रकाश शोषतो. जुन्या, कमी उजेडाच्या वाड्यात एकच भिंत शेवाळी ठेवावी. उरलेल्या भिंती व छत दुधी पांढरे असावे. फळीवर रंग लावून तो दिवसा व रात्रीही पाहावा. पिवळसर दिव्याखाली तो उबदार, पांढऱ्या ट्यूबखाली करडा भासतो.

खरा प्रश्न ओलीचा आहे. महाबळेश्वर-पाटणचा पाऊस साताऱ्याला परिचित आहे. सांगलीने २००५, २०१९ व २०२१ मध्ये कृष्णेचे पूर सोसले. ओल्या भिंतीवर हा रंग दिल्यास उगवलेली बुरशी लवकर ध्यानात येत नाही. शेवाळ हे आपल्या शास्त्रदृष्टीने अनंत जीवांचे शरीर. ते उगवल्यावर खरवडण्यात हिंसा, उगवूच न देण्यात यत्नाचार.

म्हणून प्रथम गळती बंद करावी. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीवर चिकटवून एक दिवस ठेवावा. आतून दव साचले, तर थांबावे. वहीपूजनापूर्वी घर रंगवण्याची घाई आपल्या सर्वांनाच असते. परंतु भिंत सुकली नसेल, तर रंगकाम गुढीपाडव्यावर न्यावे. दिवाळीस स्वच्छ भिंतही पुरेशी शोभते.