चौकटी कंसाची किंमत

मुकुटबनचा एखादा विद्यार्थी डिप्लोमाला ८०८६ चा प्रोग्राम लिहितो, तेव्हा त्याच्यासमोर बहुधा टॅझम किंवा मॅझम हा असेंबलर असतो. पुढे पदवीला तो पुण्यात गेला, तर प्रॅक्टिकलला लिनक्सवरच्या नॅझमशी गाठ पडू शकते. चिप १९७८ च्या ८०८६ पासून चालत आलेल्या इंटेलच्याच घराण्यातली, तरी जुनी फाइल जशीच्या तशी चालत नाही. कारण असेंब्ली ही एक भाषा नाहीच. प्रोसेसरला कळतात ते आकडे. त्यांना शब्द लावतो असेंबलर, आणि ज्याची त्याची बोली निराळी. १९७६ साली आलेला झायलॉगचा झेड८० हा इंटेल ८०८० चे प्रोग्राम चालवी. पण इंटेलच्या ‘मूव्ह ए, एम’ला झायलॉगने ‘एलडी ए, (एचएल)’ असे नाव दिले. बाइट दोन्हीकडे एकच, ७ई.

शब्दच वेगळे असले, तर फारसे बिघडत नाही. मॅझमची ‘अझ्यूम’ ओळ नॅझमला कळत नाही, तो लगेच एरर दाखवतो. घात होतो तो दोघांनाही मान्य असलेल्या ओळीत. ‘मूव्ह एएक्स, काउंट’ म्हटले की मॅझम काउंटमधले मूल्य उचलतो आणि नॅझम काउंटचा पत्ता. नॅझमकडून मूल्य हवे, तर काउंट चौकटी कंसात घालावा लागतो. तो राहिला तर तक्रार कोणीच करत नाही, फक्त उत्तर चुकते. हे काम कन्व्हर्टरवर सोपवावे, असे कोणी म्हणेल. पण मॅझममध्ये काउंट हा व्हेरिएबल आहे की ‘इक्यू’ने ठरवलेला नुसता आकडा, हे त्या ओळीवरून कळतच नाही, त्यासाठी कन्व्हर्टरला घोषणा, मॅक्रो, जोडलेल्या फाइली असे सगळे धुंडाळावे लागते. डॉसबॉक्स या एम्युलेटरमध्ये जुना टॅझमच चालवावा, हा सल्ला मात्र रास्त आहे, प्रोग्राम नुसता चालवून पाहायचा असेल तोवर. तोच कोड आजच्या ६४ बिटी लिनक्स प्रोग्रामला जोडायचा, तर नव्याने लिहिण्यावाचून सुटका नाही.

म्हणून ओळी ताडून भागत नाही, लिस्टिंग काढून बाइट ताडावे लागतात. वरच्या ओळीचा पहिला बाइट मॅझमकडे ए१, नॅझमकडे बी८ येतो. लांबी दोन्हीकडे तीनच बाइट, त्यामुळे फाइलच्या आकारावरून संशयही येत नाही. अर्थात, बाइट वेगळा म्हणजे चूकच, असेही नाही. ‘मूव्ह एएक्स, बीएक्स’चे मॅझम ८बी सी३ करतो आणि नॅझम ८९ डी८, दोन्ही बरोबर, कारण इंटेलनेच या सूचनेला दोन रूपे ठेवली आहेत. यातला कोणता फरक निरुपद्रवी आणि कोणता घातक, हे इंटेलचे मॅन्युअल उघडून माणसालाच ठरवावे लागते.